वरच्या गॅलरीची लाइन

उईकेभाऊंच्या कमरेला मी पट्टा बांधत होते आणि ते हात बाजूला धरून, शिंप्याला माप देत असल्यासारखे, गप्प उभे होते. पट्ट्याला अडकवलेली डबी मी त्यांच्या उजव्या हाताशी येईल अशी सरकवली. हेडसेट डोक्यावर बसवला, माइक ओठांसमोर वाकवला.

"हे बटण," मी म्हटलं. "बोलायचं असेल तेव्हा दाबून धरायचं. लाल दिवा लागला की तुमचं बोलणं खाली जातंय असं समजा. ऐकायला काही दाबावं लागत नाही."

त्यांनी बटण दाबलं, दिवा पाहिला, सोडलं, पुन्हा दाबलं.

"दिवा लागला म्हंजे खाली ऐकू गेलं. बरोबर जी?"

"बरोबर."

त्यांच्या समाधानाला एवढं पुरलं. डबीवरून एकदा हात फिरवून ते लोखंडी जिन्याने वर निघून गेले. चाळीस फूट चढायचे होते. मी यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ही गोष्ट दोन हजार बारा सालच्या फेब्रुवारीतली. नागपूरच्या बाहेर, वर्धा रोडला, प्रभावती कलासंकुल नावाचं एका खाजगी ट्रस्टचं नवं नाट्यगृह उभं राहत होतं. त्याची इंटरकॉम यंत्रणा बसवायचं काम आमच्या पुण्याच्या कंपनीकडे होतं. आम्ही दोघं जाणार होतो. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या सहकाऱ्याला कावीळ झाल्याचं कळलं आणि मी एकटी आले. वय सदतीस. अशा कामांवर मी चौदा वर्षं होते, आणि त्या वर्षी घरात सलग आठ रात्री झोपल्याचं मला आठवत नव्हतं.

या यंत्रणेला मॅट्रिक्स म्हणतात. कपाटात बसवलेली एक लोखंडी पेटी, आणि तिच्या पाठीत सगळ्या इमारतीतून आलेल्या तारा शिरलेल्या. रंगमंचाच्या दोन्ही बाजू, प्रकाशयोजना, ध्वनी, मेकअपच्या खोल्या, रंगमंचाखालचं तळघर, वरच्या गॅलऱ्या. एकूण बेचाळीस जागा. संगणकाच्या पडद्यावर या सगळ्याचं एक जाळं दिसतं. आडव्या ओळींत बोलणारे, उभ्या रांगांत ऐकणारे. दोघं जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकोनात क्लिक केलं की हिरवा ठिपका उमटतो. मग याचं बोलणं त्याला ऐकू जातं. पुन्हा क्लिक केलं की ठिपका जातो आणि बोलणंही. कुणी कुणाशी बोलायचं हे त्या पडद्यावर ठरतं, आणि त्या पडद्याचा पासवर्ड तेव्हा माझ्या एकटीकडे होता.

चार दिवसांत मी तारा ओढून घेतल्या, टोकं बसवली, प्रत्येक तारेला नंबराची चिठ्ठी चिकटवली. पाचव्या दिवसापासून उद्‌घाटनाच्या नृत्यनाट्याच्या तालमी सुरू झाल्या आणि मी यंत्रणा चालवायला कंट्रोल रूममध्ये बसले. सकाळी नऊला हेडसेट डोक्यावर चढायचा. चालवणाऱ्याला सगळ्या ओळी ऐकाव्या लागतात. संध्याकाळी हेडसेट काढला तरी कानांत माणसं बोलत राहायची.

तालीम चालवत होते श्रीरंग नेवासकर. मुंबईचे, पन्नाशीचे, या कामात मुरलेले. कोणता दिवा कधी, कोणता पडदा कधी, हे सगळं इंटरकॉमवर तेच सांगायचे आणि त्यांच्या "गो" या शब्दाशिवाय रंगमंचावर काही हलत नसे. माणूस वाईट नव्हता. साठ नर्तक, अर्धवट झालेलं नाट्यगृह आणि रविवारी ठरलेलं उद्‌घाटन, एवढं सगळं त्यांच्या डोक्यावर होतं. ते उभ्याउभ्याच जेवायचे.

उईकेभाऊंबद्दल सांगायला हवं. नामदेव उईके, वय छप्पन, गाव गडचिरोलीकडे वडशाच्या पुढे. त्या भागात दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, झाडीपट्टीची नाटकं. तिथे त्यांनी पस्तीस वर्षं पडदे ओढले होते, मंडप बांधले होते, वेळ पडली तेव्हा पोलीस इन्स्पेक्टरही झाले होते. ट्रस्टने त्यांना वरच्या गॅलरीवर घेतलं होतं.

ते काम असं असतं. रंगमंचावर वरून जे खाली येतं, पडदे, कमानी, झाडं, ते लोखंडी नळ्यांना टांगलेलं असतं. नळीच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला, बाजूच्या भिंतीलगत, तेवढ्याच वजनाचे लोखंडी ठोकळे एका उभ्या चौकटीत रचतात. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की खालचा एक माणूस दोर ओढून दोनशे किलोची कमान सहज वरखाली करतो. नळी खाली आली की ठोकळ्यांची चौकट वर, चाळीस फुटांवरच्या अरुंद गॅलरीत पोचते. तिथे ठोकळे चढवायचे आणि उतरवायचे, हे उईकेभाऊंचं काम. खाली दोरावर प्रफुल्ल मेश्राम नावाचा तरुण होता. दोराला एक लॉक असतं. नेवासकरांनी "गो" म्हटलं की मेश्राम ते उघडायचा.

उईकेभाऊ बोलायचे फार. तेही कामाचंच. खाली कोणी मुलगी नळीच्या बरोबर खाली उभी आहे, बाजूला घ्या. सात नंबरची नळी थोडी तिरकी चालते आहे. दोर नवा आहे, ताणतो आहे, अंदाज ठेवा. वरून त्यांना सगळं दिसायचं आणि जे दिसेल ते ते बटण दाबून सांगायचे. अधूनमधून झाडीपट्टीत असं झालं की आम्ही काय करायचो, तेही सांगायचे. मुंबईहून आलेल्या मुलांना त्यांच्या बोलण्याचं हसू यायचं. एकजण लाइनवर त्यांची नक्कल करायचा. उईकेभाऊंना ते कळत होतं की नाही, मला माहीत नाही. ते बोलतच राहिले.

शनिवारी दुपारी एक वाजता नेवासकरांच्या तोंडून एक इशारा चुकला, कारण नेमक्या त्या क्षणी उईकेभाऊ काहीतरी सांगत होते. दिवे गेले, संगीत चालू राहिलं, नर्तक अंधारात एकमेकांवर आदळले. नेवासकर ओरडले नाहीत. तालीम थांबवून ते कंट्रोल रूममध्ये आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. थोडा वेळ डोळे मिटून बसले.

"सातपुते मॅडम," ते म्हणाले, "वरच्या गॅलरीचं बोलणं बंद करता येईल? त्यांना माझं ऐकू येऊ दे. त्यांचं नको. आजचा दिवस."

येईल, म्हटलं. पण त्यांना सांगायला लागेल. त्यांचा दिवा डबीतच लागतो. इथून मी लाइन तोडली तरी तो लागणारच.

"मी सांगतो त्यांना. ब्रेकमध्ये वर जाऊन येतो."

मी पडद्यावर वरच्या गॅलरीची, बत्तीस नंबरची, ओळ शोधली आणि त्या ओळीतले ठिपके एकेक करून घालवले. अर्धं मिनिट लागलं असेल. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पाच दिवस तो आवाज माझ्या कानात होता, आणि तो गेल्यावर दुखणं थांबावं तसं झालं. मी पाणी प्यायले. वर जाऊन त्यांना सांगून यावं असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण जिना चाळीस फुटांचा होता, आणि नेवासकर सांगणार होते.

ब्रेकमध्ये नेवासकरांना नृत्यदिग्दर्शिकेने धरून ठेवलं. ते वर गेलेच नाहीत. हे मला नंतर कळलं.

चारनंतर शेवटच्या अंकाची तालीम सुरू झाली. त्यात नऊ नंबरच्या नळीवरून एक मोठा लाकडी झरोका खाली यायचा आणि नाच संपल्यावर वर जायचा. त्या दिवशी तो खाली आला आणि नेवासकरांना वाटलं की तो वर न नेता रंगमंचावरच उभा राहिला तर चांगला दिसेल. सजावटीच्या माणसांना त्यांनी तो नळीपासून सोडवायला सांगितला. त्यांनी सोडवला. आता नळी मोकळी होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, वर गॅलरीत, पावणेदोनशे किलोचे ठोकळे तसेच होते. ते फक्त मेश्रामच्या हाताजवळच्या त्या लॉकने धरून ठेवले होते.

अशा वेळी वरच्या माणसाने वजन उतरवल्याचं कळवेपर्यंत लॉक उघडायचं नसतं. ते सगळ्यांना माहीत असतं. पण संगीत चालू होतं, वेळ जात होता, आणि वरून काही आलं नव्हतं. वरून काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक असणार, असं नेवासकरांनी धरलं. पुढे चौकशीत ते हेच म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. पाच दिवस वरून सारखं काही ना काही येत होतं, म्हणून असं धरायची त्यांना सवय झाली होती. वरची लाइन आपणच बंद करायला सांगितली आहे, हे त्या घाईत त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. माझ्याही.

"नऊ वर. गो."

मेश्रामने लॉक उघडलं.

आवाज कसा झाला ते मी सांगत नाही. नळी सुटून छताला धडकली, ठोकळ्यांची चौकट चाळीस फूट खाली आदळली. मेश्राम मागे उडी मारून वाचला. रंगमंचावर एक लोखंडी पकड पडली, पण नर्तकी नुकत्याच पुढे सरकल्या होत्या. संगीत बंद झालं. इंटरकॉमवर एकाच वेळी दहा माणसं बोलायला लागली.

माझा हात माउसवर होता. मी बत्तीस नंबरच्या ओळीवर गेले आणि सगळे ठिपके परत लावले. पुढे अनेकांनी मला विचारलं, मीही स्वतःला विचारलं, की मी ते का केलं. लपवायला नव्हे, एवढं मी शपथेवर सांगू शकते. मला त्यांचा आवाज यायला हवा होता.

आणि आला. सगळ्या लाइनवर आला. सगळे गप्प झाले म्हणून तो स्पष्ट ऐकू आला. आधी नुसता श्वास, मग शब्द.

"खाली कोनाले लागलं तं नाही ना जी?"

त्यांचा उजवा हात त्या चौकटीत होता. लॉक उघडायच्या आधी ते ठोकळे उतरवायला लागले होते. दोन उतरवले होते, तिसऱ्यावर हात असताना चौकट सुटली. अंगठा सोडून चारही बोटं गेली.

उद्‌घाटन पुढे ढकललं. सोमवारी सकाळी ट्रस्टच्या ऑफिसमध्ये चौकशी बसली. सचिव होत्या पांढरीपांडे बाई, निवृत्त प्राचार्या, शांत आणि शिस्तीच्या. टेबलाच्या एका बाजूला त्या आणि दोन विश्वस्त, दुसऱ्या बाजूला नेवासकर, मेश्राम आणि मी. उईकेभाऊ दवाखान्यात होते. त्यांनी सांगितलेलं कोणीतरी लिहून आणलं होतं. बाईंनी ते वाचून दाखवलं. मी तीन वेळा बोललो, नऊ उघडू नका, वजन माझ्याकडे आहे. तिन्ही वेळा लाल दिवा लागला होता.

मेश्रामला विचारलं. तो म्हणाला, मला काहीच ऐकू आलं नाही. ध्वनीवाल्याला बोलावून विचारलं, त्यालाही नाही. मग उईकेभाऊंची डबी मागवली. एका माणसाला वर पाठवलं. त्याने बटण दाबून एक ते दहा आकडे म्हटले आणि ते ऑफिसातल्या स्पीकरवर खणखणीत ऐकू आले. शिवाय अपघातानंतर लगेच त्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकलाच होता, असं एक विश्वस्त म्हणाले. तेव्हा लाइन चालू होती याबद्दल प्रश्नच नाही. माणूस बेसावध होता किंवा वेगळ्याच तारेत होता. झाडीपट्टीवाल्यांचं काय असतं ते आपल्याला माहीत आहे.

नेवासकर टेबलाकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सातपुते बाई, तुम्ही यंत्रणेवर होता," पांढरीपांडे बाईंनी विचारलं. "शनिवारी यंत्रणा व्यवस्थित चालू होती?"

मी तीन रात्री धड झोपले नव्हते. पुण्याची गाडी चार वाजता होती. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतली एकही कारण नाही.

"यंत्रणा चालू होती," मी म्हटलं.

यात एकही शब्द खोटा नव्हता. बाईंनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर नेवासकरांनी जिन्यापाशी मला गाठलं. मी त्यांना सांगणार होतो हो, म्हणाले, डोक्यातून गेलं. मी मान हलवली. मग आम्ही आपापल्या वाटेने गेलो.

पाच आठवड्यांनी, मार्च संपता संपता, मला पुन्हा नागपूरला जावं लागलं. तिथल्या माणसांना यंत्रणा शिकवून, सगळे कागद आणि पासवर्ड त्यांच्या ताब्यात द्यायचे होते. वरच्या गॅलरीत नवा माणूस होता. त्याला पट्टा बांधताना मी दिव्याबद्दल काही बोलले नाही, नुसतं बटण दाखवलं. उईकेभाऊंचं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, त्यांना कमी केलं. निष्काळजीपणाचा ठपका आहे. गावी गेले. आता झाडीपट्टीतही कोणी घेत नाही म्हणतात, बातमी पोचलीच असेल.

पासवर्ड द्यायच्या आधी मी पेटीची नोंद उघडली. मॅट्रिक्स प्रत्येक बदलाची वेळ आपल्या पोटात लिहून ठेवते. शनिवार, दुपारी एक वाजून बावीस मिनिटं, ओळ बत्तीस बंद. चार वाजून सदतीस मिनिटं, ओळ बत्तीस सुरू. दोन्हींपुढे माझं नाव. मी त्याची छापील प्रत काढली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडशाची बस धरली. तिथे जाऊन नक्की काय करणार हे मी ठरवलं नव्हतं. त्यांना बघून यावं, एवढंच.

वडशाहून पुढे त्यांच्या गावी, सावरटोल्याला, काळीपिवळी जीपने गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणभर मोहाची फुलं वाळत घातली होती आणि तो गोडसर, डोक्यात चढणारा वास सगळीकडे होता. उईकेभाऊ पडवीत बाजेवर बसले होते. उजव्या हाताला पांढरं फडकं गुंडाळलेलं. त्यांनी मला ओळखलं आणि उठायला गेले. मी बसा म्हटलं. त्यांची बायको सगुणाबाई, बारीक, उंच, तिने पाणी आणून दिलं आणि फुलांजवळ जाऊन बसली. दाराशी एक फार म्हातारी बाई पाय पसरून बसली होती. त्या त्यांच्या आई.

प्रवास कसा झाला, पुण्याला ऊन किती, असं बोलणं झालं. मी हाताचं विचारलं. दुखतं का? रात्री दुखतं, म्हणाले, नसलेलीच बोटं दुखतात, डॉक्टर म्हणाले तसं होतं.

"मॅडम, एक सांगाचं होतं," ते म्हणाले. "म्या तिथं तुमच्या मशिनीवर आळ घेतला. दिवा लागला होता, बोल्लो होतो, असं लिवून देलं. ते चुकलं जी माह्यं."

"काय चुकलं?"

"त्यायनं मशीन लावून पाहिली ना. बरोबर चालली. मंग मशीन कायले खोटं बोलन? माह्याच हातून बटन दाबल्या गेलं नसन. आता मी रोज आठवतो. कधी वाटते दाबलं, कधी वाटते नाही दाबलं. आता तं दिवाबी आठवत नाही." त्यांनी डाव्या हाताने फडकं सारखं केलं. "तुमच्या कामावर बट्टा नको लागाले म्हनून सांगतो. माफी करा."

माझ्या पर्समध्ये तो कागद होता. मी तो काढला, पण त्यांच्या हातात दिला नाही. तो वाचून त्यांना काही कळलं नसतं.

"उईकेभाऊ, तुम्ही बटण दाबलं होतं," मी म्हटलं. "दिवा लागला होता. तुम्ही तीनदा बोललात. तुमची लाइन मी बंद केली होती. एक वाजल्यापासून. अपघात झाल्यावर मीच परत सुरू केली. चौकशीत मी हे सांगितलं नाही."

सगुणाबाईंचा फुलं चाळणारा हात थांबला. उईकेभाऊ माझ्याकडे बघत राहिले. राग येईल अशी मी वाट पाहत होते. तो आला असता तर सोपं झालं असतं.

"बंद केली होती," ते म्हणाले.

"हो."

"काहून?"

"तुम्ही फार बोलता म्हणून. नेवासकर साहेबांनी सांगितलं आणि मी केली. मलाही नको झालं होतं."

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. राग सगुणाबाईंना आला. त्या उठून पडवीपाशी आल्या.

"पाच हप्ते झाले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "हा मानूस पाच हप्ते झोपला नाही. उठून बसते आन् अंगठ्यानं बटन दाबून पाहते. तुमी पाच हप्ते का करत होत्या?"

काम करत होते, असं मी म्हटलं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी मी तो कागद पांढरीपांडे बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सगळं लिहून, सही करून दिलं. बाईंनी दोनदा वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, हे तुम्ही त्या दिवशी सांगायला हवं होतं. ट्रस्टने ठपका मागे घेतला, तसं पत्र गावी पाठवलं, कामावर परत बोलावलं. ते गेले नाहीत. पुढच्या दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीने त्यांना व्यवस्थापनावर घेतल्याचं मेश्रामकडून कळलं. माझ्या मालकांनी फोनवर एवढंच विचारलं की लिहून द्यायच्या आधी आम्हाला का नाही सांगितलं. ती नोकरी महिनाभरात गेली. नेवासकरांनीही बाईंना पत्र लिहून आपली बाजू कबूल केली, असं म्हणतात. आमची भेट परत झाली नाही.

पण मला आठवतो तो त्या अंगणातला दिवस. सगुणाबाई बोलून थांबल्या आणि मला वाटलं आता निघावं. मी उठले. तेवढ्यात उईकेभाऊ म्हणाले, थांबा जी, आणि शेजारच्या घराकडे बघून त्यांनी हाक मारली. एक गृहस्थ आले, गावात नाटक बसवायचे ते.

"यायले सांगा," उईकेभाऊ मला म्हणाले.

मी सांगितलं. तेच शब्द. बटण दाबलं होतं, दिवा लागला होता, तीनदा बोलले, लाइन मी बंद केली होती. गृहस्थांनी ऐकलं आणि ते बाजेच्या कडेला बसले. मग उईकेभाऊंचा भाऊ आला, त्याला सांगितलं. वडशाला दिलेली मुलगी माहेरी आली होती, तिला आत जाऊन उठवलं. तिला सांगितलं. दुकानवाला आला, पोस्टमन सायकल लावून उभा राहिला. प्रत्येक वेळी उईकेभाऊ मला एवढंच म्हणायचे, सांगा यायले, आणि मी पहिल्यापासून सांगायचे. ते स्वतः एक शब्द बोलत नव्हते. माझा घसा कोरडा पडला तेव्हा सगुणाबाईंनी न विचारता दुसऱ्यांदा पाणी आणून दिलं. मला शिक्षा द्यायची म्हणून ते हे करत नव्हते. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते, एकेकाच्या.

शेवटी आई राहिल्या. त्यांना ऐकू कमी येत होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसले आणि कानापाशी तोंड नेऊन, जेवढा आवाज उरला होता तेवढ्याने, पुन्हा सगळं सांगितलं. त्यांना मशीन कळलं नाही, लाइन कळली नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"का म्हनते हे बाई?"

"म्हनते, म्या बोल्लो होतो."

एवढं सांगायला ही पुण्याहून कशाला आली, अशा नजरेने म्हातारीने माझ्याकडे पाहिलं.

"मंग?" ती म्हणाली. "हा तं लहानपनापासून बोलतेच." आणि पाय जवळ घेऊन, भिंतीचा आधार घेत, मला बसायला जागा करून दिली.